निदान नऊपर्यंत तरी

ऑफिसातला पेमेंटचा रात्रीचा जॉब, म्हणजे रात्री आपोआप चालणारा प्रोग्रॅम, अडकला होता म्हणे. ‘होता’. मला कळलं ते सकाळी ग्रुपवर पडलेल्या टाळ्यांवरून, तोवर सगळं निस्तरून लोक झोपले पण होते. त्या जॉबची नस न् नस मला माहितीये आणि कुणी एक फोन केला नाही. ताई म्हणाली बरं झालं ना, आराम पडतोय. हो, बरंच झालं. तरी दिवसभर तेच डोक्यात.

कमरेच्या मणक्यात एल-फोर एल-फाइव्हमधली डिस्क सरकलीय, बसायचं नाही, लॅपटॉप आईने कपाटात टाकलाय. मग गुडघ्यांखाली उशी आणि तोंडासमोर प्रिंटआउट, पाच मिनिटांत हात भरून येतात. व्हॅन जेकबसनचा टीसीपी कंजेशनवरचा १९८८ चा पेपर, टीसीपी म्हणजे इंटरनेटवर डेटा पाठवायचे नियम आणि कंजेशन म्हणजे तिथली गर्दी. कॉलेजात ह्यातलं फक्त स्लो स्टार्टचा ग्राफ काढून मार्क घेण्यापुरतं माहीत होतं. सुरुवातच भारी आहे, ऑक्टोबर १९८६, लॉरेन्स बर्कली लॅब ते बर्कली विद्यापीठ, अंतर ४०० यार्ड, आमच्या घरापासून डेअरी तरी लांब असेल, आणि वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून थेट ४० बिट्सवर. तार तुटली नव्हती की काही नाही. उत्तर वेळेत आलं नाही की मशीन तेच पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, परत पाठवायचं, पहिलं अजून रस्त्यात अडकलेलं असतानाच, म्हणजे गर्दीत अजून गर्दी.

इथे मी कागद छातीवर ठेवला. कारण सकाळपासून मी टीम लीडला काय करतेय, ‘काही लागलं तर सांग’, ‘लॉग बघू का मोबाइलवरून’, ‘रिट्रायचं कॉन्फिग बघितलंत का’. ब्लू टिक. मग दुपारी एक अंगठा.

मला हवंय काय नक्की? जॉब परत पडावा, कुणालाच सुटू नये आणि रात्री दोनला माझा फोन वाजावा? थोडं तसंच. ज्या फोनला इतकी वर्षं शिव्या घातल्या त्याच्यासाठी. बाबांचं रिटायर झाल्यावर जे झालं होतं ते... जाऊ दे, आत्ता नको.

जेकबसनबुवांचं म्हणणं, उत्तर नाही आलं तर थांबायचा वेळ दरवेळी दुप्पट करा. आणि उत्तराला लागणाऱ्या वेळेची नुसती सरासरी धरू नका, तो वरखाली किती होतो तेही मोजा. आमच्या लीडचं वरखाली मोजलं तर टाइमआउट दिवाळीपर्यंत जाईल! पॅकेट हरवलं तर विंडो, म्हणजे उत्तराची वाट न बघता एका दमात किती पॅकेट सोडायची तो आकडा, सरळ एकवर आणायची, तिथून भराभर वाढवायची पण जिथे घसरलो त्याच्या निम्म्यावर आलं की पुढे अगदी जपून. फिजिओवाल्या मॅडमना जिन्याचं विचारलं तर त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. म्हणजे अजून एकवरच.

शेवटी अपेंडिक्समध्ये सी कोड आहे, सरासरी काढायचा, भागाकार टाळून नुसत्या शिफ्टवर, म्हणजे बिट्स बाजूला सरकवून. मस्त आहे, पण हातात पेन घेतल्याशिवाय डोक्यात शिरणार नाही आणि उताणं झोपून बॉलपेन चालत नाही. ताईकडे पेन्सिल मागितलीय. लीडला आज आता मेसेज नाही. निदान नऊपर्यंत तरी.