डेप्थ ३० म्हणजे नक्की किती खोल?

दोनेक वर्षांपूर्वी हौस म्हणून स्वतःचं चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, लिहायला घेतलं होतं. फार काही भारी नव्हतं पण चाली तरी नियमाने खेळायचं. पहिल्या टेस्टला त्याला अगदी सोपी पोझिशन दिली, पांढऱ्याकडे राजा आणि वजीर, काळ्याकडे नुसता राजा. म्हटलं आता बघू कसं गुंडाळतंय, तर हा पठ्ठ्या वजीर इकडून तिकडे नाचवत बसला आणि ५० चालींच्या नियमात डाव ड्रॉ! आणि सगळा वेळ स्क्रीनवर काय, तर म्हणे मात सापडलीये.

चूक अर्थात माझीच. मातेचा स्कोअर (इंजिन पोझिशनला देतं ते मार्क) मी सरसकट १,००,००० ठेवला होता, मग दोन चालीत मात काय न् सहा चालीत काय, त्याला सगळं सारखंच, घाई करेलच कशाला? उपाय एका ओळीचा निघाला, सुरुवातीच्या पोझिशनपासून जितके प्लाय आत गेलो तितके लाखातून वजा करायचे. (प्लाय म्हणजे एकाच बाजूची एक चाल, पांढऱ्याची आणि काळ्याची मिळून दोन प्लाय.) मग जवळची मात आपोआप जास्त मार्कांची होते, आणि आपल्यालाच मात बसत असेल तर ती जितकी लांबेल तितकं बरं. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनमध्येही हीच आयडिया आहे, तिथे आकडा ३२,००० आहे एवढंच.

वाटलं झालं. कसलं काय! आता ते 'मेट इन ३', म्हणजे तीन चालीत मात, असं दाखवायचं, चाल खेळायचं, समोरचा खेळला की परत 'मेट इन ३'. दोन रात्री गेल्या यात. ट्रान्सपोझिशन टेबलमध्ये, म्हणजे आधी बघितलेल्या पोझिशन साठवतो त्या टेबलात, मी स्कोअर होता तसा ढकलत होतो. तो होता सर्चच्या मुळापासून, म्हणजे शोध जिथून सुरू केला त्या पोझिशनपासून मोजलेला, आणि तीच पोझिशन दुसऱ्या वाटेने आली की अंतर चुकतं. साठवताना त्या पोझिशनपासूनचं अंतर ठेवायचं आणि काढताना परत मुळाच्या हिशोबात आणायचं, बस. इंजिन लिहिणारे बहुतेक जण कधी ना कधी इथे आपटतात.

आता डेप्थ, म्हणजे इंजिन किती प्लाय खोल बघतंय म्हणून स्क्रीनवर दिसतो तो आकडा. लोक 'माझं डेप्थ ३० ला गेलं, तुझं २४ लाच' असं भांडतात ना, ते वाचून हसू येतं. इंजिन आधी डेप्थ १ बघतं, मग २, मग ३, असं करत जातं, आणि दिसतो तो आकडा म्हणजे ही कितवी फेरी चालू आहे तो. ३० प्लायपर्यंतची प्रत्येक चाल बघितली असा त्याचा अर्थ अजिबात नाही. एका पोझिशनमध्ये साधारण ३० चाली शक्य असतात, सगळ्या बघत बसलं तर जन्म जाईल. मग चांगल्या वाटणाऱ्या चाली आधी अशी यादी लावतात, त्यात मागे राहिलेल्या चाली कमी खोलीने बघितल्या जातात, काही फांद्या सरळ छाटल्या जातात, आणि मारामारी किंवा शह चालू असेल तिथे उलट जास्त आत जातात. शेजारी 'सेलडेप्थ' दिसतं ते सगळ्यात खोल गेलेल्या फांदीचं. प्रत्येक इंजिनची छाटायची पद्धत वेगळी, त्यामुळे दोन इंजिनांची डेप्थ शेजारी ठेवून काही कळत नाही. मातेचा आकडा मात्र प्लायमध्ये नसतो, पूर्ण चालीत असतो. मेट इन ७ म्हणजे १३ प्लाय, कारण शेवटच्या चालीला उत्तरच नसतं. आणि आकड्यापुढे मायनस असेल तर मात आपल्यालाच बसतेय.

उदाहरण घ्या. काळा राजा जी८ वर, शेजारी एफ८ ला हत्ती, पुढे जी७ आणि एच७ ला प्यादी. पांढरा वजीर सी४, घोडा एफ७. घोडा एच६ वर जातो, वजिराचा आणि घोड्याचा डबल शह, राजाला एच८ शिवाय जागा नाही. मग वजीर थेट जी८ वर फुकट द्यायचा! घोड्याचा जोर आहे म्हणून राजा मारू शकत नाही, हत्तीलाच मारावं लागतं, आणि घोडा परत एफ७, मात. पाच प्लाय. पण चौथ्या प्लायला थांबून नुसते मोहरे मोजले तर आपण वजीर घालवून बसलोय असंच दिसेल.

ही तरी शहाशहांची ओळ आहे, इंजिनला पटकन सापडते. खरा त्रास शांत चालीचा. पहिली चाल ना शह ना मारामारी, मग ती यादीत मागे पडते, कमी खोलीने बघितली जाते, आणि चार चालींची मात डेप्थ ७ ला दिसायला हवी ती बरीच उशिरा दिसते. १९५१ मध्ये डिट्रिश प्रिन्झने मँचेस्टरच्या फेरांटी मार्क १ या कॉम्प्युटरवर दोन चालीत मात शोधणारा प्रोग्राम चालवला, त्याला १५ एक मिनिटं लागली म्हणे, पण तो एकेक करून सगळ्या चाली तपासायचा, शांत चालीला घाबरायचं कारणच नाही.

हे सगळं माहीत असूनही मी शहाणपणा केलाच. मातेसाठी वेगळा मोड लिहिला, त्यात आपल्याकडून फक्त शहाच्या चाली बघायच्या आणि समोरच्याची मात्र एकही चाल सोडायची नाही. हल्ला करणाऱ्याला एकच बरोबर चाल पुरते, बचावाची प्रत्येक चाल हरली पाहिजे, तरच ती पक्की मात. सुसाट पळायला लागलं एकदम! मग एक जुनं तीन चालींचं कोडं टाकलं तर क्षणात उत्तर, 'मात नाही'. पहिली चाल राजाची होती, एक घर बाजूला.