प्रमाणपत्राची रांग

आज ताई आणि स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) भाच्याला घेऊन दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. अमळनेरहून पहाटेची एसटी, आणि पुढे ती रांग. डोक्यावर पंखा खडखडतोय, खिडकीतून नंबर ओरडले जातायत. भाचा कानांवर हात दाबून जिन्याखाली जाऊन बसला. शेजारची आजी म्हणाली, "काय व्हयनं व माय पोऱ्याले? दृष्ट काढी टाक." ताई नुसती हसली. समजावत बसणं तिने कधीच सोडलंय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता स्पष्टपणे आहे. ती मोजायला 'आयसा' नावाची ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टीही आहे. पण तपासणारे मानसशास्त्रज्ञ आज रजेवर. "पुढच्या बुधवारी या." हे फोनवर कळलं असतं तर? पण फोन उचलायला माणूस हवा ना!

शिपाईमामा मात्र भला माणूस. न सांगता एक रिकामी खोली उघडून दिली, दिवा बंद केला. भाचा शांत झाला, बाटलीचं झाकण फिरवत बसला. अशी खोली आणि ठरलेली वेळ द्यायला कितीसा निधी लागतो? महिन्यातून एकदा तालुक्यालाच तपासणी ठेवली तर चोपड्याकडच्यांची मजुरी तरी बुडणार नाही. थेरपीसाठी नाशिकच्या वाऱ्या आहेतच.

'निरामय' योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. तिथेही आधी हे प्रमाणपत्र लागतंच. आपल्याकडे कुणी क्लेम केला असेल तर कोणती बिलं जोडली ते कमेंटमध्ये सांगा, ताई फाईल लावतेय.