घरचं तूप आणि पेठेतली भट्टी

दसरा झाला की आमच्याकडे फराळाची वाटणी होते. चकली, चिवडा, शेव बायकोकडे. अनारशांचं पीठ आईकडे, त्यात दुसऱ्या कोणी बोटसुद्धा घालायचं नाही. शंकरपाळ्या कापायला मुलगी. आणि नानकटाई माझ्याकडे, कारण मला रांगेत उभं राहता येतं. आमच्याकडे नानकटाई घरी भाजत नाहीत. पीठ, तूप, साखर आपली न्यायची आणि पेठेतल्या बेकरीच्या भट्टीत करून आणायची, हा आईच्या माहेरचा शिरस्ता कोथरूडला राहायला येऊनही सुटलेला नाही.

घरी ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन आहे. पण त्यात एका वेळी सोळा-अठरा बसतात, आणि आमच्याकडे दोन किलो पिठाच्या होतात, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास. वाटायच्याच निम्म्या असतात. तेवढ्या घरी भाजायच्या तर अख्खा रविवार घंटी वाजायची वाट बघत ओट्यापाशी काढावा लागेल. शिवाय भट्टीतल्या नानकटाईला वरून ज्या भेगा पडतात आणि खाली जो बदामी रंग येतो, तो मला ओटीजीत कधी दिसलेला नाही.

बेकरी गंज पेठेच्या अंगाला आहे, मंडईपासून चालत जाण्यासारखी. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथे नुसतं सामान घेऊन गेलं तर परत यावं लागतं, आधी वेळ घ्यावी लागते. मालक वहीत नाव लिहितात, किलो लिहितात आणि विचारतात, "तूप कुठलं?" खरी परीक्षा इथेच. बेकरीवाल्यांना मनातून डालडा हवा असतो. त्यात आळस किंवा चिकटपणा नाही. वनस्पती तूप उन्हाळी हवेतही घट्ट राहतं, त्यामुळे नानकटाईच्या पिठाचा वळलेला पेढा पत्र्यावर ठेवला की ठेवला तसा बसतो. साजूक तूप तिशी ओलांडली की ओघळायला लागतं, आणि ऑक्टोबरातली पुण्याची दुपार एकतीस-बत्तीस अंशांची. पातळ तुपात केलेला पेढा भट्टीत गेला की पसरतो आणि नानकटाईची चकती होते.

आईला हे सगळं माहीत आहे आणि तरीही तिला साजूकच हवं. डालड्यातल्या ट्रान्स फॅटबद्दल मी तिला सांगितलं होतं, की आता नियम कडक झालाय, २०२२ पासून खाद्यतेलात आणि वनस्पतीत दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. त्यावर ती म्हणाली, "मग दोन टक्के तरी कशाला?" यावर उत्तर नव्हतं. महिनाभराची साय विरजून, लोणी काढून, कढवून तिने बरणी भरून ठेवली होतीच.

मालकांनी अट घातली, "साजूक आणा, पण थिजलेलं आणा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. आणि सकाळी अकराच्या आधी या. नंतर भट्टीची गरमी उतरते, मग मला बोलायचं नाही."

ही गरमी उतरण्याची गोष्ट समजली की बेकरीचं सगळं वेळापत्रक समजतं. जाड विटांची घुमटी, आत तासन् तास लाकूड जळतं. मग निखारे बाजूला ओढायचे, फरशी ओल्या गोणपाटाने पुसून घ्यायची, आणि साठलेल्या उष्णतेवर भाजायचं. आग लागलेली नसते, विटा तापलेल्या असतात. पहिली कडक गरमी पावाची, ती पहाटेच संपते. थोडी उतरली की बिस्किटं आणि नानकटाई. अगदी शेवटच्या कोमट धगीवर टोस्ट वाळतात. आपल्या पिठाला मधला तुकडा मिळायला हवा. लवकर गेलं तर बूड जळून वर कच्चं राहतं, उशिरा गेलं तर तूप सुटून नुसती कोरडी होते. नंबर लावताना जी घाई दिसते ती या मधल्या दोन-तीन तासांसाठी. मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं, तेव्हापासून मालकही इलेक्ट्रिक ओव्हनचे कॅटलॉग चाळत असतात. धुराचं म्हणणं त्यांनाही पटतं. नव्या ओव्हनच्या कर्जाच्या हप्त्याचं पटत नाही.

रविवारी सकाळी आनंदनगरहून मेट्रो धरली. एका हातात पत्र्याचा रिकामा डबा, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तुपाचा स्टीलचा डबा, भोवती बर्फाच्या पिशव्या आणि जुना टॉवेल. यंत्रातून सामान जाताना तिथली ताई पडद्यावरच्या त्या टॉवेलाकडे बघत राहिली. "तूप आहे," म्हटलं. "एवढं?" "दिवाळी आहे." तिने जाऊ दिलं. जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, तिथे जमिनीखाली तेहतीस मीटर उतरायचं, आणि मग दोन स्थानकांवर मंडई. भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून ऐन दिवाळीत लक्ष्मी रोडला स्कूटर घालण्याचं धाडस मी सोडून दिलं आहे. तुपाच्या दृष्टीनेही हेच बरं, गाडीत एसी असतो.

बेकरीत माझ्या आधी तिघीजणी होत्या. त्यातल्या एक आजी स्टुलावर बसून कारागिराच्या हातांकडे टक लावून बघत होत्या. ही जुनी पद्धत. आपलं तूप आपल्याच पिठात जातंय ना, यावर लक्ष ठेवायला घरातलं एक माणूस तिथे बसवायचं. कारागिराला याचा राग येत नाही. तो उलट डबा तिरका करून दाखवतो, "बघा, पुसून घेतलं, काही राहिलं नाही."

आमचं प्रमाण असं: मैदा दीड किलो, बेसन चारशे ग्रॅम, बारीक रवा शंभर ग्रॅम, तूप एक किलो तीनशे, पिठीसाखर एक किलो शंभर. वेलची-जायफळाची पूड आईने पुडीत बांधून दिलेली, ती मोजायची नाही, सगळी घालायची. बेसन आधी कोरडंच भाजून नेलं होतं, नाहीतर कच्चा वास राहतो. रव्याने दाताखाली जरा रवाळ लागतं. मैदा एकटाच असला तर टाळूला चिकटतो.

कारागिराने आधी तूप आणि साखर मोठ्या परातीत घेऊन तळहाताने फेसायला सुरुवात केली. मशिन आहे त्यांच्याकडे, पण घरचं तूप असलं की तो हातानेच करतो, कारण तूप किती सैल पडतंय ते हाताला कळतं. पिवळं तूप पांढरं होत गेलं, फुगलं, आणि परातीच्या कडेला लागायचं थांबलं. मगच पीठ. पीठ घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. तूप पिठाच्या कणांभोवती बसलेलं असतं म्हणून खुसखुशीतपणा येतो. मळलं की पिठाला चिवटपणा येतो आणि नानकटाई दातांशी भांडते.

"सोडा की अमोनिया?" त्याने विचारलं. घरी आपण सोडा घालतो, बेकऱ्यांत अमोनियाही, म्हणजे अमोनियम बायकार्बोनेटची पूड, वापरतात. त्याची भट्टीत वाफ होऊन जाते, मागे काही राहत नाही, म्हणून पातळ कोरड्या बिस्किटाला तो चालतो. केकसारख्या जाड पदार्थात वायू अडकतो आणि वास राहतो. मी अमोनियाला हो म्हटलं. भाजताना पहिली काही मिनिटं नाक धरावं लागतं, ते सोसायचं.

पेढे वळताना प्रत्येक घराची खूण ठरलेली असते. कोणाची चारोळी, कोणाची टुटीफ्रुटी, आजींच्यावर पिस्त्याचा काप होता. आमचा बदाम. एकाच भट्टीत चार घरांचे पत्रे एकदम जातात, तेव्हा ही खूणच पावती. शिवाय पत्र्याच्या कोपऱ्यात नावाची चिठ्ठी दाबून ठेवतात, पण ती बहुतेक वेळा जळते. आधी एकच पत्रा आत गेला. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यावरून तो आत सरकवतात, आत दिवा नसतो, कारागीर वाकून फक्त डोकावतो. तो पत्रा बाहेर आला तेव्हा पेढे जरा जास्तच बसलेले वाटले. त्याने न विचारता उरलेल्या पिठात मूठभर मैदा टाकला. आजींनी मान हलवली. म्हणजे बरोबर केलं असावं.

"तासाभराने या," मालक म्हणाले. मी बोहरी आळीत गेलो. घरी मुलीने यंदा आकाशकंदील विकत आणायचा नाही असं जाहीर केलं होतं, तेव्हा पतंगाचा कागद, जाड दोरा आणि झिरमिळ्यांसाठी चकचकीत कागद घ्यायचा होता. दिवाळीच्या आधी बोहरी आळीत माणूस चालत नाही, गर्दी त्याला नेते. कामट्या बुरूड आळीत मिळाल्या, सगळ्या एका मापाच्या तासून. पांढरा कागद घ्यावा असं माझं मत होतं, उजेड छान पडतो. मुलीने फोनवर केशरी आणि हिरवा सांगितला, सोबत फोटोही पाठवला.

परत आलो तर पत्रे लाकडी फळ्यांवर उतरवून ठेवलेले. या वेळी हात लावायचा नसतो. गरम नानकटाई मऊ असते, उचलली की तुकडा पडतो. ती निवताना घट्ट होते. मालकांनी वजन करून मजुरी घेतली आणि सांगितलं, "झाकण लावू नका. वाफ आत राहिली की सगळी मेहनत गेली." म्हणून डबा उघडा, वर मलमलचं फडकं बांधलेलं, आणि तो घेऊन मी पुन्हा मेट्रोत. मेट्रोत खायला बंदी आहे, वास घ्यायला नाही. शेजारच्या काकांनी मंडईपासून जिल्हा न्यायालयापर्यंत काही विचारलं नाही. गाडी बदलताना मात्र म्हणाले, "भट्टीची ना? अजून करून देतात?" पत्ता सांगितला. त्यांनी फोनमध्ये लिहून घेतला आणि फडक्याकडे बघून थांबले. मी एक काढून दिली. त्यांनी ती खिशात ठेवली, नियम पाळून.

दुपारी हॉलमध्ये कंदील. आमचा पारंपरिक असतो, चोवीस कामट्यांचा. चार चौकोन बांधून घ्यायचे, ते कोपऱ्यावर उभे करून एकमेकांना शेजारच्या टोकांना जोडायचे, मग वरच्या चार टोकांना एक चौकोन आणि खालच्या चार टोकांना एक. मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. मुलगी आठवीत आहे, तिने हे आधी वहीत काढलं आणि मला सांगितलं की बाबा, कागद फक्त बारा तुकडे लागतील, वरचा-खालचा चौकोन उघडा ठेवायचाय. मैद्याची खळ शिजवली. पूर्वी खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. फराळ चालू असलेल्या घरात ते विष मी ओट्यावर आणत नाही. कंदील पंधरा-वीस दिवसच टांगायचा असतो, तेवढं साधी खळ टिकते. दोऱ्याची गाठ मात्र दोनदा मारावी लागते, नाहीतर उचलला की सगळा सांगाडा तिरका होतो. कागद लावताना तो ताणायचा नाही. खळ वाळली की तोच ताणला जातो. आत नऊ वॅटचा एलईडी. लहानपणी साठचा पिवळा दिवा असायचा आणि दिवाळी संपेपर्यंत कागदाला तपकिरी डाग पडायचा.

नानकटाई संध्याकाळपर्यंत पूर्ण निवल्या, मग डब्यात कागद अंथरून भरल्या. आईने एक मोडली. ती आधी मोडते, आवाज ऐकते, मग खाते. "झाल्यात चांगल्या. वेलची कमी पडली." पुडी तिनेच बांधली होती, पण हे बोलायची सोय नव्हती.

शेजारच्या वहिनींनी प्लेट परत देताना कृती मागितली. त्यांना पेठेत जायला वेळ नाही, त्या ओटीजीतच करणार होत्या. मी प्रमाण चौथ्या हिश्शाचं करून दिलं आणि भट्टीची उतरती गरमी घरी आणायची युक्ती सांगितली: ओव्हन आधी एकशे ऐंशीला तापवायचा, ट्रे आत गेला की पाच मिनिटांनी दीडशेवर आणायचा, आणि वळलेले पेढे भाजण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचे म्हणजे साजूक तूपही पसरत नाही. घरी अमोनिया नको, चिमूटभर सोडा पुरे.

पाडव्याला त्यांची प्लेट आली. भेगा भट्टीसारख्या नव्हत्या, रंग मात्र छान होता. आईने मोडली, ऐकली, खाल्ली. "वेलची बरोबर आहे हिची," म्हणाली, आणि दुसरी उचलली.