सपाट चमचा म्हणजे नेमका किती? ऑनलाईन कोर्स लिहिण्याचा माझा अनुभव

मी सोलापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवते, चाइल्ड हेल्थ, १६ वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात एका कंपनीचा मेल आला की आम्ही मराठीतून हेल्थचे कोर्स काढतोय, नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि आशाताईंसाठी, लहान मुलांच्या जुलाबावर एक मॉड्यूल लिहायला एक्स्पर्ट पाहिजे. मी मेल दोनदा वाचला आणि लगेच हो कळवलं. म्हणलं जुलाब आणि ओआरएस तर मी झोपेतसुद्धा शिकवीन, आठ दिवसांचं काम. प्रत्यक्षात पाच महिने लागले.

आधी सीव्ही, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पॅन कार्ड असं सगळं मागितलं, ते ठीकच. मग एक परीक्षा. दीड पानाचा मजकूर पाठवला, त्यात मुद्दाम ५ चुका पेरलेल्या, त्या शोधून द्यायच्या. मला ३ सापडल्या. सुटली त्यातली एक जुलाबात देतात त्या झिंकच्या डोसची होती आणि तीच मला लागली, कारण ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला १० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, १४ दिवस, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मजकुरात सगळ्यांनाच २० लिहिलं होतं आणि मी वाचून पुढे गेले. आपल्याला जे पाठ असतं ते आपण वाचतच नाही, डोळे नुसते फिरतात. दुसरी सुटलेली चूक म्हणजे एक फोटो होता त्याखाली तो कुठून घेतला हे लिहिलेलं नव्हतं. ही चूक असते हेच मला माहीत नव्हतं.

तरी घेतलं त्यांनी. मग एक फॉर्म आला, कुठल्या औषध कंपनीकडून पैसे किंवा भेटवस्तू घेतल्या का. आमचे हे म्हणाले नाही लिही आणि पाठव. पण मला एका कॉन्फरन्सला मिळालेली छत्री आठवली, तर मी छत्री लिहिली. पुण्यावरून फोन आला, तिकडचा मुलगा हसत होता, पण म्हणाला मॅम लिहिलंत ते बरं केलंत.

हा मुलगा म्हणजे त्यांचा इन्स्ट्रक्शनल डिझायनर, एक्स्पर्टचा मजकूर शिकवता येईल असा कोर्समध्ये बसवणारा, सगळे त्याला आयडी म्हणतात. वय असेल २७ वगैरे, मेडिकलचा गंधही नाही. पहिल्या कॉलला त्याने विचारलं, मॉड्यूल संपल्यावर मुलगी काय करू शकेल? मी लिहून दिलं होतं की 'विद्यार्थिनी डिहायड्रेशनची संकल्पना समजून घेईल.' तो म्हणाला मॅम, समजलं हे तुम्हाला दिसणार कसं? मला राग आला खरं तर. १६ वर्षांच्या लेसन प्लॅनमध्ये हेच वाक्य लिहीत आलेय आणि कुणी विचारलं नव्हतं. शेवटी दोन दिवसांनी लिहिलं ते असं, बाळाच्या पोटावर बेंबी आणि कुशीच्या मधोमध चिमटा घेऊन कातडी परत जायला किती वेळ लागतो ते बघेल, आणि २ सेकंदांपेक्षा जास्त लागला तर ते अंगातलं पाणी कमी झाल्याचं धोक्याचं लक्षण म्हणून नोंदवेल. हे बघता येतं, मार्क देता येतात. त्याला 'समजलं का' हे मी परत कधी म्हणले नाही.

फोटोंचा विषय तर विचारूच नका. माझ्या सगळ्या पीपीटी गुगलवरून उचललेल्या चित्रांच्या, आपल्याकडे कोण विचारतंय. इथे प्रत्येक चित्राला परवाना दाखवायचा. क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे लोकांना वापरायला खुला ठेवलेला परवाना, वाचून मी खूश झाले, पण त्यातली निम्मी चित्रं नॉन-कमर्शियल निघाली आणि कोर्सला फी आहे, म्हणजे बाद. शेवटी आतड्याची दोन चित्रं मी कागदावर काढून दिली आणि त्यांच्या माणसाने ती नीट करून घेतली. आतड्याच्या पेशीतून सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं, ओआरएसचा सगळा खेळ तेवढाच आहे. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या कॅम्पात सलाईन संपल्यावर हेच मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि पटकीने होणारे मृत्यू ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. हे मी फार प्रेमाने दीड पान लिहिलं होतं. आयडीने ४ ओळी ठेवल्या. अजून वाईट वाटतं.

पहिला ड्राफ्ट गेला आणि १२ दिवसांनी परत आला, दोन रिव्ह्यूअर, नावं झाकलेली, एकूण ६१ कॉमेंट. रात्री साडेदहाला फाइल उघडली आणि बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चार दिवसांनी पाणी आलं होतं, ते भरता भरता मनात नुसती उत्तरं तयार करत होते, असं लिहीन तसं लिहीन. मग बसून वाचल्या तर त्यातल्या ४० तरी बरोबर होत्या. काही नुसत्या खोडसाळ, 'मूल' लिहायचं की 'बाळ' यावर पाच कॉमेंट. पण एक कॉमेंट अशी होती की त्यावर माझा आठवडा गेला. मी लिहिलं होतं, ओआरएसचं पाकीट मिळालं नाही तर १ लीटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. बाजूला लिहून आलं, 'कुठला चमचा? घरात किती प्रकारचे असतात ते बघा.'

मी स्वयंपाकघरात गेले. चहाचा चमचा, पोह्याचा चमचा, मिसळणाच्या डब्यातला इवलासा चमचा, आणि औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो ५ मिलीचा प्लास्टिकचा. मुलीने केकसाठी घेतलेला इलेक्ट्रॉनिक काटा होता, त्यावर मीठ मोजलं. ५ मिलीच्या चमच्याने सपाट अर्धा घेतला तर ३ ग्रॅमच्या आसपास. पोह्याच्या चमच्याने शीग लावून, त्यातलं अंदाजे निम्मं सांडून घेतलं तर ८ ग्रॅम. म्हणजे अडीचपटीहून जास्त, आणि ते तान्ह्या बाळाला पाजणार, त्याच्या रक्तातलं सोडियम कुठल्या कुठे जाईल. साखर जास्त झाली तरी आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतो. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या काय गं, मीठ महाग झालं का?

मग मी आमच्या घरामागच्या अक्कांना बोलावलं. त्या विड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात, मराठी छान येतं, तीन नातवंडं सांभाळतात. त्यांना माझी स्क्रिप्ट वाचून दाखवली आणि म्हणलं आता करून दाखवा. त्यांनी लीटरला तांब्या घेतला. मी म्हणलं तांब्यात किती बसतं? त्या म्हणाल्या, बसतं की ओ जेवढं बसायचं तेवढं. मग चमचा हातात घेऊन म्हणाल्या, बाई, आमच्याकडे पानसुद्धा पत्र्याच्या मापावर ठेवून कापतो, माप आहे म्हणून पान चुकत नाही, ह्या चमच्याला माप कुठंय? आणि सुरी घेऊन तिच्या पाठीने साखरेची शीग सपकन कापून टाकली. तो शॉट आम्ही व्हिडिओत जसाच्या तसा घेतला, फक्त हात माझे आहेत. पाण्यासाठी एसटी स्टँडवर मिळते ती १ लीटरची बाटली दाखवली, कारण तिच्यावर आकडा छापलेला असतो.

अक्कांनी आणखी एक सांगितलं ते तर माझ्या ड्राफ्टमध्ये नव्हतंच. ओआरएसचं मोठं पाकीट त्या थोडं थोडं ग्लासात घालतात आणि उरलेलं रबर लावून डब्यात ठेवतात. २०.५ ग्रॅमचं पाकीट पूर्ण १ लीटरमध्येच घालायचं आणि केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं, हे दोन वाक्यांत होतं माझ्याकडे, पण रबर लावलेलं पाकीट नव्हतं. आता तिथे एक पूर्ण स्क्रीन आहे.

रेकॉर्डिंग घरीच केलं, स्टुडिओचं बजेट नव्हतं म्हणे. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, दिवसभर खटाखट, त्याची आम्हाला सवय आहे पण माईकला नाही. पुण्याहून निरोप आला, मॅम मागे रेल्वे जातेय का? ४२ डिग्रीत पंखा बंद, खिडक्या बंद, गादीवरच्या दोन सोलापुरी चादरी दारावर टांगल्या तरी आवाज येतोच. शेवटी एका दुपारी लाईट गेली आणि सगळे माग एकदम गप्प. मी लॅपटॉपच्या बॅटरीवर ५० मिनिटांत चार व्हिडिओ उरकले, घामाने पदर भिजलेला. कोर्समधला सगळ्यात स्वच्छ आवाज त्याच चार व्हिडिओंचा आहे.

प्रश्न काढणं मला सोपं वाटलं होतं. १५ पाठवले, ९ परत. एकात बरोबर उत्तर बाकीच्यांपेक्षा दुप्पट लांब, म्हणजे काही न वाचताही मुलगी तेच निवडणार. दोन ठिकाणी 'वरील सर्व', ते चालत नाही. आयडीची युक्ती अशी की पर्याय हाताने झाकायचे आणि नुसता प्रश्न वाचून उत्तर देता येतं का बघायचं, नाही आलं तर प्रश्नच लंगडा. आता कॉलेजच्या इंटर्नल परीक्षेचे पेपरही मी असेच तपासते, सहकारी वैतागलेत.

पैशाचं थोडक्यात सांगते. इनव्हॉइस तीनदा परत आलं, एकदा तर तारखेच्या फॉरमॅटवरून, १० टक्के टीडीएस कापला, आणि रक्कम चौथ्या महिन्यात आली. पहिल्या मॉड्यूलला तासाचा हिशोब केला तर ट्यूशन परवडली असती. कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा एवढंच सांगेन, मजकुराचा हक्क त्यांचा होतो, मीच लिहिलेली नोट आता मला दुसरीकडे वापरता येत नाही हे सही केल्यावर कळलं.

दिवाळीनंतर त्यांनी मला दुसऱ्या कुणाच्या मॉड्यूलची रिव्ह्यूअर केलं, आणि मग गंमत. पहिल्याच पानावर ओआरएसची जुनी आकडेवारी, सोडियम ९०, एकूण ऑस्मोलॅरिटी (पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) ३११. अहो ते बदलून २० वर्षांहून जास्त झाली, आता ७५ आणि २४५. मी तावातावाने लिहिलं, 'हे कुठल्या जमान्यातलं आहे?' कोऑर्डिनेटरने कॉमेंट मलाच परत केली. कुठे चूक, बरोबर काय, कशाच्या आधारावर, आणि बदलून काय लिहायचं, हे चारही नसेल तर कॉमेंट पुढे जात नाही. त्या एका आकड्यावर व्यवस्थित लिहायला मला पाऊण तास लागला. तेव्हा ती चमच्याची कॉमेंट लिहिणारी बाई, किंवा बुवा, कोण असेल ते, तिच्या त्या एका ओळीची किंमत कळली. तिने ते चारही मुद्दे लिहिले नव्हते, तरी ती कशी पुढे आली कोण जाणे.

आता माझ्याच मॉड्यूलचं वर्षाचं अपडेट चालू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, गोड पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, ते घालायचंय, कारण तसले खोके आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही असायचे आणि लोक तेच बाळाला पाजायचे. शिवाय अक्कलकोटकडच्या एका मुलीने कळवलंय की सातव्या प्रश्नात दोन उत्तरं बरोबर येतात. काल रात्री पर्याय झाकून वाचला. येतात.