गिझर लावला की घर अंधारात

गिझर लावला की अख्ख्या घराची लाइट जाते, असा फोन आला की मी आधी एकच गोष्ट विचारतो. डीबीतला, म्हणजे खटक्यांच्या डब्यातला, नेमका कोणता खटका पडतो? एमसीबी पडत असेल तर भानगड लोडची किंवा शॉर्टची. आरसीसीबी पडत असेल, म्हणजे ज्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं तो, तर करंट कुठेतरी अर्थमध्ये, म्हणजे जमिनीकडे, गळतोय. बऱ्याच जणांना दोन्ही सारखेच वाटतात. या घरातल्या आजोबांनी मात्र फोनवरच सांगितलं, "टी वाला पडतो. आणि वेळा लिहून ठेवल्यात, या तुम्ही."

गेलो तर खरंच वही हातात दिली. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, सगळं ओळीने. बहुतेक नोंदींपुढे 'गिझर' होतं, काहींपुढे 'इस्त्री'. पण मधेच दोन-तीन ठिकाणी लिहिलेलं होतं: 'काहीच नाही. फक्त पंखे.' माझी नजर तिथेच अडकली.

माझ्या आधी बरीच डोकी इथे चालून गेली होती. गिझर नवा आला होता, आरसीसीबी बदलून झाला होता. एकाने "३० मिलिअँपिअरच्या जागी १०० चा बसवा, कटकट मिटेल" असा सल्ला दिला होता. तो आजोबांनी ऐकला नाही, हे त्यांचं नशीब. किती गळतीला खटका पडायचा तो हा आकडा, आणि ३० चा आकडा माणसाचा जीव वाचावा म्हणून असतो, आपली सोय व्हावी म्हणून नाही. पण खरा कहर बाथरूममध्ये होता. गिझरच्या प्लगटॉपमधली हिरवी वायर कोणीतरी कापून, टेप गुंडाळून आत दाबून ठेवली होती. म्हणजे ट्रिपिंग थांबावं म्हणून गिझरचं अर्थिंगच काढून टाकलं! असं करणाऱ्याला मी वायरमन म्हणत नाही. बाकी काही करायच्या आधी ती वायर जोडली.

राग बाजूला ठेवला तर त्या कापलेल्या वायरीने माझं कामही सोपं केलं. अर्थ काढूनही ट्रिपिंग तसंच चालू होतं. मग गळती गिझरची कशी असेल?

आजोबा म्हणाले, "अहो, पण आम्ही सगळे एमसीबी खाली करून एकेक वर केला. गिझरचा वर करून गिझर लावला की पडतोच." ही पद्धत सगळीकडे सांगतात, आणि फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीतून, गळती असेल तर ती चोख चालतेही. पण घरात साधारण जे एमसीबी असतात ते फक्त फेज तोडतात. सगळ्या खोल्यांच्या न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरी, डीबीतल्या एकाच पट्टीवर कायम जोडलेल्या राहतात. दोष न्यूट्रलमध्ये असेल तर त्या खोलीचा एमसीबी पाडून ठेवला काय आणि वर ठेवला काय, सारखंच.

सगळे एमसीबी खाली केले. गळती मोजायचा क्लॅम्प मीटर आरसीसीबीच्या बाहेर जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींभोवती एकत्र लावला. जाणारा आणि येणारा करंट सारखा असेल तर मीटरवर शून्य यायला हवं. घरात कुठेही फेज नाही, तरी आकडा ७ मिलिअँपिअर. मग ११. मग ८. आम्ही कोणी कशाला हात लावत नव्हतो आणि आकडा आपला खाली-वर होत होता. आजोबा चष्मा सारून मीटरमध्ये डोकावत म्हणाले, "हे कोण खातंय?"

खात होते शेजारपाजारचे. ट्रान्सफॉर्मरकडून येणारा न्यूट्रल अनेक घरांचा मिळून असतो. त्यातून करंट वाहिला की वायरीच्या रेझिस्टन्समुळे न्यूट्रल अर्थपेक्षा थोडा वर उचलला जातो, अर्धा व्होल्ट, एखादा व्होल्ट. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण घरात न्यूट्रल आणि अर्थ कुठे चिकटलेले असले की तेवढ्यावरही करंट अर्थमध्ये पळतो. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास खेचतो. न्यूट्रलच्या वाटेत ०.२ ओहम धरला तर पावणेदोन व्होल्ट झाले. अर्थची वाट ५० ओहमची असली तरी ३५ मिलिअँपिअर गळतात आणि ३० चा आरसीसीबी पडतो. पंख्याने तेवढं होत नाही. आणि 'काहीच नाही' लिहिलेल्या वेळांना बाहेरचा लोड वाढला असणार.

मेन बंद करून बेडरूमची न्यूट्रल पट्टीवरून सोडली, मेन पुन्हा चालू केला, आणि मीटर शून्यावर. बेडरूम! बाथरूमच्या अगदी उलट टोकाला. परत मेन बंद. खोलीतलं सगळं प्लगमधून काढून त्या न्यूट्रलला आणि अर्थला इन्सुलेशन तपासायचा ५०० व्होल्टचा मेगर लावला. मेगोहममध्ये रीडिंग यायला हवं तिथे सपाट शून्य.

मग स्विचबोर्ड उघडून वायरी सोडवत दोष कुठल्या तुकड्यात आहे ते बघत गेलो. खिडकीशेजारच्या बोर्डापासून वर जाणाऱ्या पाइपवर येऊन थांबलो. "इथे अलीकडे काही ठोकलंय का?" "छे," आजोबा म्हणाले. दारात उभ्या सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पडद्याचा रॉड नाही का बदलला?"

रॉडची एक ब्रॅकेट बोर्डाच्या बरोबर वर होती. वायरी बोर्डातून बहुधा सरळ उभ्या वर जातात, त्यामुळे स्विचच्या वर किंवा खाली त्या रेषेत ड्रिल मारायचं नसतं. स्क्रू काढला. टोकाकडच्या आट्यांमध्ये हिरव्या प्लास्टिकचा पापुद्रा अडकला होता, त्याखाली न्यूट्रलच्या काळ्या प्लास्टिकचा एक ठिपका, आणि धातूवर तांबं घासल्याची लालसर रेघ. फेजच्या वायरीला ओरखडासुद्धा नव्हता, म्हणूनच शॉर्ट झाला नव्हता आणि बेडरूमच्या एमसीबीने कधी तक्रार केली नव्हती.

टेप मारून भागवलं नाही. पाइपमध्ये वायर ओढायची स्प्रिंग घालून त्या तुकड्यातल्या वायरी नव्या ओढल्या, फेजचीही. मेगरने २०० मेगोहमच्या वर दाखवलं. गिझर लावला, इस्त्रीही लावली. खटका जागेवर.

निघताना आजोबांनी विचारलं, असं पुन्हा झालं तर आम्हाला कसं कळणार? त्यांना सांगितलं की जमेल तेव्हा डीबीत प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ घ्या, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच खटक्यात, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. तो असता तर गिझर लावल्यावर खटका बेडरूमचाच पडला असता.