लीड पुरली म्हणजे नक्की काय झालं?

'बरी द लीड' (bury the lead, म्हणजे लीड पुरणं) हे पत्रकारांचं इंग्रजी बोलणं हल्ली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सारखं वाचायला मिळतं आणि बऱ्याचदा चुकीचं वापरलेलं असतं. एखादी बातमी पेपरात आलीच नाही की लोक लिहितात, बघा, लीड बरी केली. नाही ओ. बातमी आलीच नाही तर ती दाबली म्हणा, सरळ मराठी शब्द आहे की. लीड पुरायची तर आधी बातमी छापून यायला लागते, मुद्दापण तिच्यात असायला लागतो, फक्त तो वर नसतो, कुठंतरी खाली गाडलेला असतो.

गोंधळ का होतो तर आपल्याकडं लीड म्हणजे पहिल्या पानावरची मोठी बातमी, पेपरच्या डेस्कवर विचारतात ना, "आज लीड काय लावलीय?" ती ही लीड नव्हे. ही म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, आपण ज्याला इंट्रो म्हणतो तो.

समजा पुराच्या दिवसात अशी बातमी आली: पालकमंत्र्यांनी आढावा घेतला, अमुक अमुक उपस्थित होते, यंत्रणेला सतर्क राहायच्या सूचना दिल्या, आणि मग पाचव्या परिच्छेदात हळूच, की कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि चिखली, आंबेवाडीच्या लोकांना गाव सोडायला सांगितलंय. ही पुरलेली लीड! चिखलीतल्या माणसाला म्हशी हलवायच्यात, सुतारवाड्यातल्या बाईला धान्य माळ्यावर टाकायचंय, बैठकीला कोण कोण होतं हे त्यांनी आधी का वाचायचं? पावसाळ्यात कोल्हापुरात कुणीही पहिलं हेच विचारतो, पाणी किती झालं, ३९ ची इशारा पातळी गाठली का, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. म्हणजे इंट्रो काय असावा हे वाचकच सांगतोय. त्यात आणि ऐनवेळी जाहिरात आली, जागा कमी पडली की बातमी खालनंच कापतात, म्हणजे नेमका तो आकडाच उडायचा. मला याचा खरंच राग येतो, कारण इथं उशिरा कळण्याची किंमत लोक भरतात.

पण प्रत्येक सावकाश सुरुवातीला हे लेबल लावू नका. तालमीवरचं फीचर पहाटेच्या आखाड्यापासून सुरू झालं, मातीत ताक, तेल, हळद कशी मिसळतात ते आधी आलं आणि पैलवानाच्या खुराकाचा खर्च परवडत नाही हा मुद्दा तिसऱ्या परिच्छेदात आला, तर ती पुरलेली लीड नाही, लिहिणाऱ्यानं ठरवून थांबवलेली आहे, इंग्रजीत त्याला डिलेड लीड म्हणतात. फीचरला ते चालतं. पुराच्या बातमीला नाही.