सोळा आणे दुखणं

आजींच्या फाइलवर शेवटची ओळ इंग्रजीत होती: बेस्ट सपोर्टिव्ह केअर. फाइल मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातली, चार महिन्यांपूर्वीची. गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग, जबड्याच्या हाडापर्यंत पोचलेला. शस्त्रक्रिया शक्य नाही, किरणोपचार झेपणार नाहीत. त्या तीन शब्दांचा अर्थ असा, की रोग आता बरा होणार नाही, त्रास कमी ठेवायचा. घरच्यांना त्यातला एकच शब्द ओळखीचा होता, बेस्ट. मुलाची समजूत झाली की सगळ्यात चांगले उपचार लिहून दिलेत, फक्त ते मोखाड्यात मिळत नाहीत. त्याने दोन शेळ्या विकल्या आणि कसाऱ्याहून लोकल धरून आईला आणखी दोनदा मुंबईला नेलं. दोन्ही वेळा तीच ओळ पुन्हा लिहून मिळाली.

मी गृहभेटी करणारी परिचारिका. मोखाड्यातल्या प्रत्येक पाड्यावर आमची गाडी पंधरा दिवसांनी जाते. जुलैतल्या त्या शुक्रवारी आजींच्या घरी दुसरी भेट होती. पाऊस लागून राहिला होता, गाडी ओहोळाच्या अलीकडेच थांबवली आणि आशाताईंबरोबर पाऊण तास चढून साडेदहाला पाड्यावर पोचलो. आवणीचे दिवस. मुलगा, त्याचा चुलतभाऊ, सगळे खाचरात. घरात सून, सातवीतली नात आणि ओटीवर आजी. आधीच्या भेटीत आजी आत चुलीजवळ होत्या. वासामुळे त्यांना बाहेर आणलं होतं. ओटीच्या एका अंगाला गुरं बांधलेली.

दुखणं किती आहे, हे आम्हाला शिकवताना शून्य ते दहा आकड्यांत विचारायला सांगतात. आजींच्या वयाच्या बायकांना ते आकडे कळत नाहीत, आणे कळतात. “आजी, रुपयातलं किती दुखतंय? चार आणे? आठ आणे?” आजींचं तोंड बोटभरच उघडत होतं, बोलणं जवळजवळ बंद. त्यांनी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मिटली, आणि परत सहा दाखवली.

मागच्या भेटीत डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाच्या 50 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून चार वेळा लिहून दिल्या होत्या. सुनेला विचारलं, तर तिने फळीवरचा डबा काढून दिला. छपन्न दिल्या होत्या, एकोणचाळीस शिल्लक होत्या. “गिळवत नाय त्यांना, सिस्टर. दातातच अडकतात.” पंधरा दिवसांपूर्वी तोंड अडीच बोटं उघडत होतं. गाठ वाढली, जबडा आखडला, आणि आम्ही दिलेलं औषध दहा दिवस डब्यात पडून राहिलं. कार्डावर औषध, मात्रा, वेळ सगळं बरोबर लिहिलेलं. तोंड मिटत गेलं तर काय करायचं, हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या घरी पंधरा दिवसांत दुसरं कुणी डोकावणारही नव्हतं. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामांच्या यादीत पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास कमी ठेवण्याचं हेच काम, आहे. पण त्यांच्याकडे तीन गावं, पाडे, लसीकरण आणि पावसाळ्यातले ताप.

पट्टी सोडली तेव्हा वासाचं कारण दिसलं. गालाला आरपार छिद्र पडलं होतं आणि कडेच्या मांसात अळ्या हलत होत्या. पावसाळा, शेजारी गुरं, आणि दोन दिवस न बदललेली पट्टी. माशीने एकदा अंडी घातली की साधारण दिवसभरात अळ्या निघतात. सुनेने मान फिरवली. भगताने लावलेला पाल्याचा लेप कडेला वाळून बसला होता. भगतावर रागावण्यात अर्थ नसतो. हाक मारल्याबरोबर येणारा तो एकटाच असतो. पुढच्या वेळी त्यालाच बोलावून सांगायचं, लेप नको, माशी बसू देऊ नका.

एवढ्या दुखण्यात जखमेला हात लावणं म्हणजे छळ. आधी वेदनाशामक हवं होतं, आणि आता मॉर्फिनशिवाय भागणार नव्हतं. परिचारिकेला ते लिहून देता येत नाही. पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर रेंज येते, तिथे जाऊन डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्यांदा लागला. दुखणं, तोंड उघडण्याचं माप, श्वास मिनिटाला 20, लघवी नीट होतेय, झटक्यांचा आजार नाही, असं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी आजींना आधीच्या भेटीत तपासलं होतं. आत्ता ट्रॅमाडॉल 50 मिलिग्रॅमचं इंजेक्शन दे, मॉर्फिनची चिठ्ठी मी इथे लिहून ठेवतो, घरचं माणूस पाठव, असं ते म्हणाले.

घरचं माणूसच का, हे सांगायला हवं. मॉर्फिन 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. त्यावेळी एका डब्यासाठी चार-पाच वेगवेगळे परवाने लागत आणि एक हातात येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. एका पिढीतले डॉक्टर मॉर्फिनची गोळी न हाताळताच शिकून बाहेर पडले, आणि आजची भीती तिथली आहे. 2014 ला कायदा बदलला, 2015 ला नियम आले. आता राज्याच्या औषध नियंत्रकांकडून संस्थेला एकच मान्यता लागते. अट एवढी, की वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, गोळीगोळीचा हिशेब हवा, आणि पुढच्या वर्षी किती लागेल याचा अंदाज आधी कळवायला हवा. कागदावर सोपं आहे. पण ग्रामीण भागात बरेच डॉक्टर एका वर्षाच्या बंधपत्रावर असतात. प्रशिक्षण घेतलेला माणूस बदलून गेला की मान्यता असूनही कपाट उघडायला कुणी नाही. आणि वार्षिक अंदाज गेल्या वर्षीच्या खपावरून काढतात. गेल्या वर्षी औषध नव्हतं म्हणून खप कमी, खप कमी म्हणून यंदा औषध कमी. निमचला आणि गाझीपूरला सरकारचे अफूचे कारखाने आहेत, मॉर्फिनचा कच्चा माल आपल्याच देशात पिकतो, 10 मिलिग्रॅमची गोळी काही रुपयांची आहे. अडतं ते इथे.

तेव्हा चुलतभावाला खाचरातून बोलावलं. रुग्णाच्या नावची चिठ्ठी, वहीत घेणाऱ्याची सही, औषध थेट घरच्यांच्या हातात. हिशेब स्वच्छ राहतो आणि वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला कागद असतो. साडेअकराला तो निघाला. डॉक्टर बसतात ते आमचं केंद्र तिथून 38 किलोमीटर.

इंजेक्शनला अर्धा तास दिला आणि मग जखम हाती घेतली. पाणी उकळून कोमट केलेलं, एका लिटरला सपाट दोन चमचे मीठ. जुनी पट्टी ओढायची नाही, मिठाचं पाणी सोडत राहायचं, ती आपोआप सुटते. ओढली की रक्त. अळ्या वर आणायला टर्पेंटाइन तेल लागतं, पण ते जखमेत ओतायचं नसतं, उघड्या मांसाला ते झोंबतं आणि इथे तर छिद्र तोंडात उघडत होतं. गॉजची लहान घडी तेलात भिजवून, घट्ट पिळून छिद्राच्या कडेशी धरली. दहा मिनिटांत अळ्या वर येऊ लागल्या. बोथट चिमट्याने एकेक धरून मिठाच्या पाण्यात टाकायची, घाई केली तर तुटून आत राहते. साठपर्यंत मोजल्या, मग मोजणं सोडलं. सगळ्या एका बैठकीत कधीच निघत नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी परत बघावं लागतं. ते काम आशाताईंनी अंगावर घेतलं, म्हणून शेवटच्या वीस-एक त्यांच्या हातून काढवल्या.

वास मारायला मेट्रोनिडॅझोल. 400 मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या दोन चमच्यांत दाबून पिठासारख्या केल्या आणि जखमेवर भुरभुरल्या. वर व्हॅसलीन लावलेलं गॉज, म्हणजे उद्याची पट्टी चिकटत नाही. पोटातूनही तीच गोळी, पाण्यात विरघळवून दिवसातून तीनदा, सात दिवस. गॉज महिनाभर पुरेल इतकं कुणाकडेच नसतं. सुनेने जुनं सुती लुगडं दिलं. त्याचे वीतभर तुकडे कापून, धुऊन, डब्यात घालून कुकरमध्ये वीस मिनिटं वाफवायचे. कुकर शेजारच्या घरी होता. आजींना मच्छरदाणी, आणि गुरं ओटीच्या दुसऱ्या टोकाला.

सुनेला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगायला जड जाते, पण न सांगणं वाईट. “वहिनी, गाठ मोठ्या रक्तवाहिनीजवळ आहे. कधी अचानक रक्त येऊ शकतं. गडद रंगाची चादर हाताशी ठेवा. दाबून धरा आणि जवळ बसून राहा.” पांढऱ्या टॉवेलवर रक्त दुप्पट दिसतं आणि माणूस भीतीने पळतो. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, म्हणजे आता मुंबई नाही? नाही, म्हटलं. चार महिन्यांत तिला हे मराठीत पहिल्यांदा कुणी सांगत होतं.

केंद्रावर औषधाच्या कपाटाला दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोघांकडे. दुसरी किल्ली ज्यांच्याकडे, ते तालुक्याच्या बैठकीत होते. तिथे एक तास गेला. पाच वाजता चुलतभाऊ भिजत वर आला, पिशवीत वीस गोळ्या. चिठ्ठी साठांची होती. कपाटात तेवढ्याच होत्या.

शेजारची एक बाई म्हणाली, ही गोळी दिली की माणूस जातो. तिचं खोटं नव्हतं, तिने तसंच पाहिलं होतं. तिच्या माहितीतल्या माणसाला मॉर्फिन मिळालं ते शेवटच्या दोन दिवसांत. माणूस रोगाने गेला आणि नाव गोळीचं झालं. सगळ्यांसमोर बसून सांगितलं: पहिले दोन-तीन दिवस गुंगी येईल. मळमळ होईल, तिचं औषध बरोबर आहे, आठवड्यात ती थांबते. बद्धकोष्ठ मात्र थांबत नाही, म्हणून गोळी चालू तोवर रेचक रोज. बिसाकोडिलच्या गोळीवर आवरण असतं, ती कुटायची नसते, म्हणून आजींना पातळ रेचक, रात्री 10 मिली. हाक मारून जागं होत नसेल, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली गेला, तर पुढची मात्रा द्यायची नाही आणि टेकाडावर जाऊन फोन करायचा.

मॉर्फिनचा असर चार तासच टिकतो. म्हणून सहा, दहा, दोन, सहा, दहा; रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे मधे उठवायला नको. दुखायची वाट बघायची नाही. दुखणं दर चार तासांनी परत येतं, आमची गाडी पंधरा दिवसांनी, या दोन्हींची सांगड घरातल्या माणसानेच घालायची असते. घरात घड्याळ नव्हतं. फोनमध्ये गजर लावला, पण पावसात दोन दोन दिवस वीज नसते. शेवटी नातीने पाच रिकाम्या काडेपेट्या एका ओळीत चिकटवल्या आणि चित्रं काढली: कोंबडा, शाळेची घंटा, डोक्यावरचा सूर्य, घरी येणारी गुरं, चांदोबा. चांदोबाच्या पेटीत अख्खी गोळी, बाकीच्यांत अर्धी. अर्धी गोळी चमचाभर पाण्यात विरघळवायची, सुई काढलेल्या सिरिंजने चांगल्या गालाच्या आत हळूहळू सोडायची. कडू असते, चिमूटभर साखर चालते. मधेच दुखलं तर जादा अर्धी, आणि तिची कार्डावर वेगळी फुली. त्या फुल्यांवरूनच डॉक्टर मात्रा वाढवतात.

पहिली मात्रा साडेपाचला नातीनेच दिली. सहाला परत आणे विचारले. आजींनी दहा बोटं दाखवली. अजून दहा मिनिटांनी एक हात खाली घेतला. सव्वासहाला सुनेने नाचणीची पातळ पेज आणली. सिरिंजने अर्धी वाटी पेज गेली, दोन दिवसांत पहिल्यांदा. सुनेने भांडं खाली ठेवलं नाही, ते धुवायलाही नेलं नाही, हातात घेऊन बसून राहिली.

अंधार पडायच्या आत ओहोळ ओलांडायचा होता. निघताना कार्डावर हिशेब मांडला. वीस गोळ्या म्हणजे चाळीस अर्ध्या. आज तीन. उद्यापासून रोज सहा, जादाची एक धरून सात. बुधवार रात्रीपर्यंत पुरतात, गुरुवारी कोंबड्याची एक, शाळेच्या घंटेची एक, आणि संपल्या. आमची गाडी त्यानंतर आठ दिवसांनी, शुक्रवारी. चुलतभावाने बुधवारी केंद्रावर यायचं कबूल केलं. तोवर शेजारच्या तालुक्याच्या कपाटातून चाळीस गोळ्या मिळवायच्या होत्या. गाडीत बसल्यावर रेंज आली तसा पहिला फोन तिथल्या औषधनिर्मात्यांना लावला.